अण्णांच्या तारेचे आकडे

अण्णा, गच्चीला रंग द्यायचा म्हणून या आठवड्यात तुमची रेडिओच्या एरियलची तांब्याची तार उतरवली, आणि तिच्या निमित्ताने कपाटातली जुनी वहीही निघाली. कॉलेज सुटलं की मी जुन्या जालन्यातल्या तुमच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात यायचे. गिऱ्हाइकाच्या एरियलवर मीटरचा काटा किती चढतो आणि तुमच्या हातच्या एरियलवर किती, ते त्या वहीत लिहायचे. वेळेचा रकाना मीच आखलेला. पण वाचला पहिल्यांदा आत्ता. गिऱ्हाइकाची तार चार वाजता, सव्वाचार वाजता. तुमची दर वेळी दिवेलागणीनंतर. दिवस मावळला की लांबची स्टेशनं आपोआप जोरात येतात. हे तुम्हाला माहीत नव्हतं?

बदनापूरचे ते मास्तर आठवतात. त्यांची तार जोडून तुम्ही काटा दाखवलात, मग चहा मागवलात, मग त्यांच्या भाचीच्या लग्नाची चौकशी. बाहेर दिवे लागतात तेव्हा कुठे तुम्ही उठता आणि आपली तार जोडता. काटा उडी मारतो. "बघा मास्तर, बराबर बघा." मास्तर खूश. मी हळूच म्हणते, "अण्णा, दोन्ही एकाच वेळी बघायला पाहिजे ना?" तुम्ही मान वळवत नाही. "दोन दिवस कॉलेजात गेली न्हाई, तं मलाच शिकवून राह्यली! लिही, आकडा लिही." मास्तर तुमची तार घेऊन गेले. मी आकडा लिहिला.

परवा मंडईत त्यांचा मुलगा भेटला. म्हणाला, "तुमच्या वडिलांसारखा सच्चा कारागीर न्हाई पाहिला." मला त्याच्याकडे बघवेना.

म्हणून काल सकाळी अकरा वाजता तुमची तार आणि बाजारातली नवी तार गच्चीवर शेजारी शेजारी बांधल्या. त्यांची टोकं खाली खोलीत नव्या रेडिओपाशी आणली; त्यावर सिग्नलचा आकडा दिसतो. तारा बदलायला यांना माझ्या पाठीमागे उभं केलं, कुठली तार जोडली ते मला सांगायचं नाही म्हणून. "गेलेल्या माणसाची परीक्षा घेऊन राह्यली का?" हे म्हणाले. "हो," म्हटलं. दोन्ही तारांचे दहा वेळा आकडे घेतले. सात वेळा तुमची तार वरचढ निघाली. मी चहा केला. दोन कप प्यायले.

हे पत्र खरं तर तिथेच संपायला हवं होतं. पण कपाटाच्या आरशात मला यांचा हात दिसत होता. तुमची तार असली की आकडा आणखी चढेल म्हणून मी थांबायचे. दुसरी असली की दिसला तो आकडा लगेच लिहून मोकळी. दहाही वेळा. आरशावर टाकायला टॉवेल माझ्या खांद्यावरच होता, अण्णा.