तपकिरीचा डाग

कोल्हापूर, रविवार, १२ जुलै १९९८

आज नातीनं मला पकडलंच. तिची ती धाडसी मुलींची जुनी रहस्यमालिका, वाचनालयातली. ती शाळेत गेली की मी चोरून वाचतो. "असली पुस्तकं कसली वाचतेस, कविता वाच, कविता!" म्हणून तिलाच हिणवायचो ना! कंदील घेऊन भुयारात उतरणारी ती पोरगी... सत्तरीत हे काय वेड?

"आजोबा, पानावर तपकीर कुणाची?"

"मला काय ठाऊक?"

"मग आज्जी वढती व्हय? खरं सांगा, न्हायतर चोर कोण ते आत्ता सांगते!"

शेवट कळला तर मजाच गेली. कबूल झालो. शिक्षा म्हणून शेवटचं प्रकरण मोठ्यानं वाचलं, अगदी शाळेतल्या कवितेच्या चालीत. चोर सापडला आणि मला शिंक आली. पुन्हा तपकिरीचा डाग!

नात म्हणाली, "वाचनालयात सांगू की, आज्जीच वढती."