फोमचा हात 'आहे' या रकान्यातून काढून 'नाही' या रकान्यात घेण्याबाबत

प्रति,
मा. उपप्रमुख (साहित्य),
सहाय्यक अवयव पुरवठा केंद्र,
छत्रपती संभाजीनगर.

विषय : कु. संस्कृती संघपाल मगरे, वय ९, हिला उजवा हात नसल्याची नोंद मिळणेबाबत.

संदर्भ : १) तपासणी शिबिर, दि. १८ जून २०२४.
२) आपल्या भांडाराची पोच, दि. २ डिसेंबर २०२४.
३) आपले पत्र, दि. ३ मार्च २०२५.

महोदय, जय भीम.

आपल्या गेटबाहेर टेबल टाकून अर्ज लिहून देणारे आप्पासाहेब यांनी सांगितले की, अर्जात 'मी, मी' करू नये, साहेब लोक वाचत नाहीत. म्हणून खाली सगळीकडे 'अर्जदार' असे लिहिले आहे. अर्जदार म्हणजे मुलीचा बाप, संघपाल सांडू मगरे, राहणार मुकुंदवाडी.

१. अर्जदार वाळूज येथील एका कारखान्यात फिटर आहे. अर्जदारास एक छंद आहे, तो आधी सांगणे भाग आहे, कारण सगळे रामायण त्यावरून झाले. रविवारी अर्जदार अंतराळातल्या शिपायांची चिलखते, टोप आणि बंदुका बनवितो. हे सर्व खोटे असते. लहान पोरांच्या खेळायच्या चटया असतात त्या फोमचे तुकडे कापायचे, गरम हवेने वाकवायचे, चांभाराकडे मिळते त्या पिवळ्या सोल्युशनने चिकटवायचे, आणि वरून रंगाचे सहा-सात हात द्यायचे. फोम लोखंडासारखा दिसला पाहिजे, एवढीच या छंदातली कला. पुण्याच्या वेशभूषा स्पर्धेत अर्जदाराचे चिलखत बघून एका परीक्षकाने विचारले होते, किती किलोचे आहे हो? ते साडेतीन किलोचे होते. अर्जदाराची पत्नी मेघा म्हणते, "एवढा मोठा बाप्या झाला, पण खेळ काय सुटंना." तिचे बरोबर आहे.

२. सन २०२३ च्या दिवाळीत संस्कृती मामाच्या गावी पाचोडला गेली असता कडबा कुट्टीच्या यंत्रात तिचा उजवा हात कोपराखाली गेला. याबद्दल अर्जदारास जास्त लिहिता येत नाही. कागदपत्रे सोबत आहेत.

३. त्यानंतर मुलगी घराबाहेर पडेना. शाळेचे नाव काढले की पलंगाखाली जाऊन बसायची. तेव्हा अर्जदाराने तिच्यासाठी हात बनविला. फोमचाच, पण चंदेरी, सांध्यांना निळी रेघ, मनगटावर दिवाळीच्या माळेतले तीन दिवे. आतून मासे धरायचा तंगूस ओवला असल्याने कोपर वाकविले की दोन बोटे मिटत. त्या बोटांनी कागद धरता येत असे, पेला धरता येत नसे. तरी पोरगी तो घालून शाळेत गेली. वर्गातल्या पोरी तिच्या मागे मागे फिरू लागल्या. अर्जदारास आयुष्यात कशाचा एवढा आनंद झाला नव्हता, हे इथे नमूद करतो.

४. शिबिराच्या दिवशी ती हात काढायला तयार नव्हती, म्हणून तशीच आणली. आपल्या लिपिकाने फॉर्म भरताना तिलाच विचारले, "काय गं, कृत्रिम हात हाय का?" ती म्हणाली, "हाय ना!" आणि वर करून दाखविला, दिवे लावून. लिपिक म्हणाले, "लई भारी! जपानी दिसतोय." त्या वेळी अर्जदार शेजारीच उभा होता. अर्जदाराने सांगायला पाहिजे होते की साहेब, हा चटईचा आहे. अर्जदार बोलला नाही. जपानी म्हटल्यावर अर्जदाराची छाती फुगली आणि अर्जदार गाढवासारखा हसला. लिपिकाने 'आहे' वर खूण केली. चूक कोणाची म्हणून विचाराल तर पहिली चूक अर्जदाराची आहे. आपण ती फाईलला लावून घ्यावी, काही हरकत नाही.

५. सप्टेंबरात यादी लागली, त्यात संस्कृतीचे नाव नव्हते. शेरा होता, 'अवयव प्राप्त'. अर्जदाराने अकरा वेळा समक्ष येऊन सांगितले की तो अवयव नाही, खेळणे आहे. त्यावर, ते खेळणे असल्याचा तज्ज्ञाचा दाखला आणा, असे सांगण्यात आले. असा दाखला देणारा तज्ज्ञ जिल्ह्यात सापडला नाही. शेवटी भांडारातून कळले की जुना नग जमा केल्याशिवाय नवीन मिळत नाही. अर्जदाराला वाटले, चला, एकदाचा मार्ग निघाला. मुलीला 'दुरुस्तीला नेतो' असे खोटे सांगून हात मागितला. तिने स्वतःच्या हाताने पट्टे सोडून दिला आणि म्हणाली, "पप्पा, लवकर आणा, सोमवारी चित्रकला हाय." दि. २ डिसेंबरला तो जमा केला. पोचपावतीवर लिहिले आहे, 'हात, उजवा, एक नग, स्थिती उत्तम'.

६. जानेवारीत उत्तर आले की, जमा केलेला नग सुस्थितीत असल्याने नवीन देय होत नाही. सदर नग प्रतीक्षा यादीतील पुढील लाभार्थीस वितरित करण्यात आला आहे. साहेब, हे वाचून अर्जदार आपल्या कार्यालयाच्या पायरीवर बसला तो शिपायाने उठवेपर्यंत उठला नाही.

७. लाभार्थीचे नाव काढून अर्जदार एस.टी.ने सिल्लोडला गेला. मनात राग होता, हात परत आणायचाच असे ठरवून गेला होता. दार फकिरा नावाच्या माणसाने उघडले. मका भरायला हमालीवर जातो. त्याची मुलगी सोनिया, वय अकरा. तिला डावा हात नाही. तिला उजवा दिला होता. अंगठा बाहेरच्या बाजूला आला होता, पण तिने तो घट्ट बांधला होता आणि मनगटावरचे दिवे चालू होते. फकिरा म्हणाला, "सरकारनं दिला भाऊ, लई चांगला हाय. नुसता उन्हात नेला की डिंक सुटतोय बघा." अर्जदाराने गावातून सोल्युशन आणले, अंगठा कापून दुसऱ्या बाजूला बसविला, तंगूस फिरवून बांधला, पट्टे लहान केले. दोन तास लागले. पोरीने बोटे मिटवून दाखविली. त्यांच्या घरचा चहा घेऊन अर्जदार रिकाम्या हाताने परत आला. फिटर आहे एवढेच सांगितले, हात कोणी बनविला ते सांगितले नाही. त्या मुलीच्या नावापुढेही आता 'अवयव प्राप्त' आहे, हे त्या माणसाला माहीत नाही.

८. डॉक्टरांच्या म्हणण्यानुसार संस्कृतीचा खांदा एका अंगाला कलू लागला आहे. खरा, वजनाचा हात वेळेत मिळाला नाही तर पाठीचा कणा वाकेल, आणि मग हात मिळून उपयोग होणार नाही. यादी ३१ मार्चला बंद होते.

९. आणि अशा वेळी आपले संदर्भ क्र. ३ चे पत्र आले. त्यात अर्जदारास 'उत्पादक' म्हटले असून, 'आपण पुरविलेला नग समाधानकारक आढळल्याने' तसेच आणखी पस्तीस नग करून द्याल काय, अशी विचारणा आहे. साहेब, अर्जदारास ते करता येतात. पस्तीस रविवार लागतील. पण पस्तीस पोरांच्या नावापुढे 'आहे' लागेल आणि त्यांना कधीच काही मिळणार नाही. आतापर्यंत दोघींचे झाले, तेवढे पुष्कळ झाले. अर्जदार एकही नग करून देणार नाही. चिलखते बनविणेही अर्जदाराने बंद केले आहे.

१०. तरी विनंती की, कु. संस्कृती आणि सिल्लोडची कु. सोनिया या दोघींच्या नावापुढील 'आहे' खोडून 'नाही' लिहावे. सोनियाकडील फोमचा हात मात्र काढून घेऊ नये. आमची पोरगी रोज विचारते, "पप्पा, माझा हात कुठवर आला?" अर्जदार सांगतो, यादीत नाव हाय, येईलच. बापाच्या तोंडचे हे एवढे खोटे आपण ३१ तारखेच्या आत खरे करून द्यावे.

उत्तराच्या आशेवर असलेला,
संघपाल सांडू मगरे
दि. १० मार्च २०२५

सोबत :
१) पाचोडच्या अपघाताची कागदपत्रे
२) डॉक्टरांची चिठ्ठी
३) भांडाराची पोचपावती
४) हात नसतानाचा मुलीचा फोटो, एक प्रत. ती काढू देत नाही म्हणून झोपेत असताना काढला आहे. कृपया भिंतीवर लावू नये.