तिची पिशवी

बाई, आज मुलं घरी गेल्यावर मी सेंटरचं दार आतून लावून घेतलं आणि फोन टेबलावर पालथा ठेवला. तो वाजेल याची मला भीती वाटते. पंचेचाळिशी ओलांडलेल्या, वीस-बावीस वर्षं विशेष मुलांच्या कामात असलेल्या बाईने असं लिहावं हे बरं दिसत नाही, पण खरं तेच आहे. कुंभारीहून त्या मुलीच्या आईचा फोन येईल आणि ती पहिलं वाक्य पूर्ण करायच्या आधीच मला सगळं कळेल, असं गेले काही दिवस सारखं वाटतंय. फोन येतो तेव्हा ती विचारते, "मॅडम, उद्या सेंटर हाय का?" एवढंच. तरी बोलणं झालं की मी फोन पुन्हा पालथा ठेवते. तुम्ही असता तर चपला घालून तुमच्याकडे आले असते. तुम्ही गेल्यानंतर विचारण्यासारखं कुणी मी ठेवलंच नाही. सगळे मलाच विचारतात.

मुलगी चौदा वर्षांची आहे. डोकं माझ्या खांद्याला लागतं, अंगाने मात्र माझ्याहून दणकट. फाईलवर एकाखाली एक निदानं लिहिलेली आहेत, त्यातलं एकही वाचून ती मुलगी डोळ्यांपुढे येत नाही. बोलत नाही. "दे" म्हणते, पाण्यासाठी ओठांचा एक आवाज काढते, मधूनच फिट येते. आई घरी बिड्या वळते. माझ्याकडे येते तेव्हाही तिच्या बोटांना तंबाखूचा वास असतो आणि बोलताना मांडीवर बिड्यांचं सूप असल्यासारखे तिचे हात आपोआप हलत राहतात. मुलीच्या खांद्याला कायम एक पिवळी कापडी पिशवी. साडीच्या दुकानात मिळते तसली, धुवून धुवून दुकानाचं नाव पार गेलेली. आत पावडरीचे रिकामे डबे, बिडीच्या दोऱ्याची रिळं, एक तुटका कंगवा. झोपतानाही ती पिशवी अंगावरून काढत नाही. ती काढायला लावायची नाही हे मी पहिल्याच दिवशी ठरवलं. तुमच्याकडे शिकलेलं माणूस दुसरं काय करणार?

गेल्या वर्षी तिला पाळी सुरू झाली. पॅड लावलं की ओढून काढायची आणि हात जाईल तिकडे फेकायची, कधी मोरीत, कधी भर गल्लीत. आई एक दिवस माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "मॅडम, तिची पिशवी काढून टाकायची म्हनतोय आमी. मोकळं हुईल एकदाचं. माजी बी काढलीया की, काय झालं मला?" आपल्याकडे गर्भाशय कुणी म्हणत नाही. पिशवीला सूज आली, पिशवी खाली आली, पिशवी काढली. मीही आयांशी बोलताना पिशवीच म्हणते, कारण गर्भाशय म्हटलं की त्या स्वतःच्या पोटाकडे बघत नाहीत, माझ्या तोंडाकडे बघतात. मी तिला म्हटलं, घाई करू नका ताई, मी शिकवते तिला. मोठी बाहुली आणली, चड्डी आणली, चित्रांचे कार्ड केले. मुलगी शिकतही होती, सावकाश, कधी दोन पावलं मागे जात. पण त्याच महिन्यांत दुसरंच काही सुरू झालं. आई आणि मी बोलायला बसलो की ती स्वतःचं मनगट चावायची, आईला मारायची. एकदा मला तिने असं ढकललं की कपाटाचं हँडल पाठीत रुतलं. मी कारणं शोधत होते. पोटात दुखत असेल, फिटच्या गोळ्या बदलल्यात म्हणून असेल, वय असेल. आणि खरं सांगू का, तिच्याबरोबर खोलीत एकटं राहायची मला भीती वाटायला लागली होती.

तेव्हा तुमचं स्वयंपाकघर आठवायचं. तुमच्याकडे थेरपीची वेगळी खोली नव्हतीच. मागच्या स्वयंपाकघरात तुम्ही पाय पसरून बसलेल्या आणि भोवती मुलं शेंगा फोडतायत. कुणाची बोटं वळत नाहीत, कुणी टरफलंच खातंय, एक मुलगी प्रत्येक दाणा आधी तुमच्या कानाला लावून बघतेय. दुपारी तुम्ही त्याची चटणी कुटता आणि प्रत्येकाच्या हातावर ठेवता. मी नातेपुत्याहून नुकतीच आलेय, कोर्सचं सर्टिफिकेट पिशवीत, आणि एका दांडग्या मुलाने माझी वेणी धरून मला जमिनीपर्यंत खाली खेचलंय. सुटल्यावर मी चुलीपाशी तोंड फिरवून रडतेय. तुम्ही मान वर न करता म्हणता, "रडतीस व्हय? रड की. पन शेंगा फोडत रड, पोरं बसल्यात." मी चिडून विचारलं, "तुम्हाला नाही का भीती वाटत?" तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत जसं मी तुमचं वय विचारलंय. "मला? रोज वाटती. सकाळी कुलूप काढताना हात कापत्यात माजे. तुला काय वाटलं, संधिवात हाय?" दुसऱ्या आठवड्यात तुम्ही मला चादरीच्या कापडाच्या दोन बाह्या शिवून दिल्यात, कोपरापर्यंत ओढायच्या, दात लागू नयेत म्हणून. सोलापूरच्या मे महिन्यात त्या बाह्या म्हणजे शिक्षा. त्या अजून आहेत. या मुलीसाठी मी त्या पुन्हा काढल्या.

त्या दिवशीही घातल्या होत्या. तिची आई आत आली ती तारीख घेऊनच. "डॉक्टरनी पुढच्या सोमवारी बोलावलंय. सकाळी पिशवी काढली की दोन-तीन दिवसांत घरी." मुलगी कोपऱ्यात मणी ओवत होती. ती उठली. खांद्यावरची पिशवी तिने कुडत्याच्या आत कोंबली, पाठ भिंतीला टेकवली आणि मनगट तोंडात घातलं. मी धावले. हात सोडवायला गेले तर तिचा कोपर माझ्या जबड्यावर बसला. मागून आई ओरडतेय, "बगा, बगा, हे असं करती! म्हनूनच म्हनते मॅडम, पिशवी काढली की—" आणि माझ्या डोळ्यांसमोर त्या मुलीचा दुसरा हात कुडत्यात गेला आणि पिशवीचा पट्टा मुठीभोवती गुंडाळायला लागला. एक वेढा, मग आणखी एक.

मी म्हटलं, "ताई, थांबा. तो शब्द बोलू नका."

"कुटला शब्द?"

"तोच."

"पिशवी?"

मुलगी किंचाळली. आम्ही दोघी तिच्याकडे बघत राहिलो.

आई आधी हसली. "अगं बया! येडे, ही पिशवी न्हवं गं!" पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग ते हसू थांबलं आणि पाणी तसंच राहिलं. "किती महिने झालं मॅडम... माजी जाऊ म्हनती, हिची पिशवी काढा. दवाखान्यातली नर्स म्हनली, हिचीच का पिशवी काढायची? म्या तर रोज म्हनते, भाकरी करताना." आणि मीही म्हटलं होतं, बाई. काढू नका असं म्हणताना का होईना, मीही तोच शब्द तिच्या डोक्यावरून इकडून तिकडे टाकत होते. ती काय समजत असेल याचा मी आता विचार करते. ओळखीची सगळी माणसं, आईसुद्धा, एकमेकांना हसून सांगतायत की हिच्याजवळ असलेली एकुलती एक वस्तू काढून घ्यायची. कधी, ते कुणी सांगत नाही. आणि विचारायला तिच्याकडे "दे" एवढाच शब्द.

आई खाली बसली. दोन्ही हात स्वतःच्या पाठीमागे बांधले, पिशवीला लावणार नाही हे दिसावं म्हणून. ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. "न्हाय काढत गं. आईची आन. तुजी पिशवी कुनी न्हाय काढत. न्हाय म्हंजे न्हाय." मुलगी तिच्या तोंडाकडे बघत होती. आईने पुन्हा म्हटलं. पुन्हा. हळूहळू मनगट तोंडातून खाली आलं, दातांच्या खुणा दिसल्या, आणि ती भिंतीला घसरत खाली बसली.

मग आई म्हणाली, "मॅडम, म्या तर तिला आन दिली की."

"हो."

"आता सोमवारी घिऊन गेले आन उटल्यावर पोटावर टाके बगितले, तर? तिला दोन पिशव्या वेगळ्या कळत्यात का काय ठावं. आईनं खोटं सांगितलं म्हनंल. म्हननार न्हाय, बोलती कुटं. पन कळंल. सगळंच कळतंय की हिला, आमालाच ठावं न्हवतं." तिथंच बसून तिने दवाखान्यात फोन लावला आणि सांगितलं, आम्ही येत नाही. कारण सांगितलं नाही.

महिनोन्‌महिने मी ज्यासाठी भांडत होते ते असं एका वाक्यात झालं. मुलीला मी व्हरांड्यातल्या झोपाळ्यावर बसवून आले. तिच्याबद्दल बोलायचं म्हणून तिला बाहेर नेण्याची अक्कल तेव्हा पहिल्यांदा आली. परत येते तर आई उभीच. आवाज बारीक करून म्हणाली, "आता तुमी मला खरं सांगा. पाळीचं काय, धुतलं असतं म्या. बिड्या द्यायला कारखान्यात जाते तवा ही घरात एकटी असती. बाहीरनं कडी लावते. कडी काय, कुनीबी काढंल. हिला सांगता येनार न्हाय. निदान हिला दिस तरी राहू नयेत, म्हनून काढत होते. दुसरं काय न्हाय."

मी म्हटलं, "ताई, पिशवी काढून येणाऱ्याचा हात थांबत नाही. फक्त आपल्याला कळायचं राहून जातं." हे मला आधीपासून माहीत होतं, याआधीही आयांना सांगितलं होतं. पण तिने ते ऐकलं, पापणी न हलवता माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "मग तुमी बगाल?" आणि मी म्हटलं, "बघेन."

काय बघणार आहे मी? कारखान्याच्या दिवशी आई तिला सकाळीच माझ्याकडे सोडते. मी तिला हात झटकायला शिकवते, अनोळखी माणूस जवळ आला की ओरडायला शिकवते; ओरडण्यात ती पहिल्यापासूनच हुशार आहे, आई म्हणते, "ते तर हिनं तुमाला शिकवावं." आम्ही हसतो. पण रविवार आहे, लग्नकार्य आहे, आई आजारी पडेल असे दिवस आहेत. आता मी रिक्षावाल्याचे हात बघते. सेंटरच्या वॉचमनने तिला लिमलेटची गोळी दिली तर विचारते, कशाला दिली? तो बिचारा ओशाळतो. आईबरोबर कधी येणाऱ्या तिच्या चुलत्याकडे बघते आणि मग स्वतःचीच लाज वाटते. सगळी माणसं मला वाईट दिसायला लागलीत आणि त्यातला एखादा खरंच वाईट असेल तर तो मला ओळखू येणार नाही, हेही मला माहीत आहे. काल तिच्या दंडावर एक निळा डाग होता. दाराला लागलं, आई म्हणाली. लागलं असेलच, ती दाराला धडकतेच. मी मान डोलावली आणि रात्रभर त्या डागाचा आकार आठवत राहिले.

बाई, एक राहिलं. तिची आई फोनवर दवाखान्याला नाही म्हणत होती तेव्हा मी तिच्या शेजारी उभी होते. मला आनंद व्हायला हवा होता. त्याआधी, अगदी एका श्वासापुरतं, माझ्या मनात आलं की करून टाकलं असतं तर बरं झालं असतं. मग पुढे काहीही झालं असतं तरी ते आम्हाला कधी कळलंच नसतं, आणि माझ्यावर काही आलं नसतं. ती मुलगी तेव्हा माझ्यापासून दोन हातांवर, पिशवी धरून बसलेली होती. हे मी तिच्या आईला सांगितलेलं नाही. तुम्ही हयात असता तर तुम्हालाही सांगितलं नसतं. तुम्ही नाही, म्हणून लिहू शकले.