सिनेमातली आई

४ फेब्रुवारी
लेकीचा सिनेमा काल ऑनलाइन आला आणि आज दुकान उघडेपर्यंत मी राक्षसीण झालेली होते!

चष्म्याचा नंबर तपासायला बसवलेली बाई भिंतीवरची अक्षरं वाचायची सोडून माझ्याकडेच टक लावून. "तुम्ही त्या दिग्दर्शिकेच्या आई ना?" म्हटलं, हो, तिसरी ओळ वाचा. "म्हणजे सिनेमातली ती आई..." तिसरी ओळ!

सिनेमा छोटासाच. मित्रमैत्रिणींनी मिळून केलेला, नाव ऐकलेला एकही नट नाही. चौदा वर्षांची मुलगी, आणि तिच्याशी बोलणं टाकणारी आई. मी अजून पाहिलेला नाही. लेक म्हणाली होती, मी घरी आले की दोघी मिळून बघू. म्हणून थांबले. जग कुठे थांबतंय!

५ फेब्रुवारी
प्रतिक्रिया वाचू नकोस, असं हे म्हणाले. आणि स्वतः फोन घेऊन बाथरूममध्ये जातात नि तोंड पाडून बाहेर येतात.

"अशा बायकांना मुलं होऊच नयेत." "दिग्दर्शिकेने हे भोगलंय, फ्रेमफ्रेममध्ये दिसतं." काय भोगलं? माझी बडबड भोगली! मी आणि अबोला? मी जरा गप्प बसले की हे कपाळाला हात लावून ताप बघतात.

७ फेब्रुवारी
नणंदेचा फोन. "वहिनी, लोक काहीही म्हणोत, आम्ही तुला ओळखतो ना." बरं वाटलं. मग हळूच — "पण खरंच बोलायची नाहीस का गं तिच्याशी?"

फोन ठेवला. आपटला, खरं तर.

८ फेब्रुवारी
टोपणनाव घेऊन मीच लिहिलं — "आई इतकीही वाईट वाटत नाही." लगेच उत्तर — "काकू, तुमच्या मुलांची कीव येते." काकू! कशावरून?

९ फेब्रुवारी
शेवटी लेकीला फोन केला. "मुलाखतीत एकदा सांगून टाक, ती बाई म्हणजे माझी आई नव्हे. एवढंच!"
"आई, आधी सिनेमा बघ."
"न बघताच ही गत, बघून काय होईल?"
"रविवारी येतेय. तोवर दुकानात कुणाशी भांडू नकोस."
उशीर झाला होता. चष्म्यांच्या फ्रेमा घेऊन येणाऱ्या विक्रेत्याशी सकाळीच भांडून झालं होतं.

११ फेब्रुवारी
पाहिला.

भांडायचं ठरवूनच बसले होते. सुरुवातीला मुलगी आरशासमोर उभी राहून स्वतःची वेणी कापते. आई दारात येते, बघते, आत निघून जाते. मग रोज ताट वाढते, पाठ फिरवते, नवऱ्याला म्हणते — तिला सांगा, जेवून घे. उन्हाळाभर असंच. शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मुलीकडे न बघताच आईचं एक वाक्य — "दूध उतू जातंय." मुलगी धावते, दूध उतरवते आणि ओट्याला टेकून हमसून हमसून रडते. आई बोलली म्हणून!

माझ्या हातातला चहा गार झाला.

"ती मुलगी मी नाहीये, आई," लेक म्हणाली.
"कळलं."
"तूच सांगितलं होतंस मला."
"गंमत म्हणून सांगितलं होतं गं!"
"मला तेव्हाही गंमत वाटली नव्हती."

मी उठले, उगाच पडदे नीट केले. वेणी माझी. दूधही माझंच. लेकीला मी कधी क्षणभर शांत बसू दिलं नाही, ते कशामुळे, हे मला सिनेमा बघून कळावं?

लेक म्हणाली, "उद्याच लिहिते, ही गोष्ट माझ्या आईच्या लहानपणची आहे. तुला होणारा त्रास थांबेल."
म्हटलं, "आणि आजीचं काय? ऐंशी वर्षांच्या बाईवर तुटून पडतील सगळे. दादाकडे सुखाने राहतेय, राहू दे. मलाच म्हणू देत काय म्हणायचं ते. माझं तोंड आहे उत्तर द्यायला."

लेकीने घट्ट मिठी मारली. मग मी तिला सिनेमातल्या अंधाराबद्दल बोलले. निम्म्या वेळा कोण उभंय तेच दिसत नाही!

१२ फेब्रुवारी
दुकानात आणखी दोघींनी विचारलं. "हो, तीच मी," म्हटलं. काच पुसून दिली.

१४ फेब्रुवारी
दादाच्या मुलीने पाठवलं — "आत्या, हे बघ. आजी सांगत गेली, मी टाइप केलं. नको म्हटलं तरी ऐकेना." सिनेमाच्या खाली, सगळ्यांना दिसेल असं:

"मी दिग्दर्शिकेची आजी. सिनेमातली आई मी आहे. माझी मुलगी फार बडबडी आहे, तिला बोल लावू नका. त्या उन्हाळ्यात मी रोज सकाळी ठरवायचे, आज बोलायचं. कसं सुरू करावं ते समजत नव्हतं."

तिला फोन लावायला घेतलाय. काय बोलावं सुचत नाही. मला!