मौनाच्या दिवशी जेपून

किंतामणी,
११ फेब्रुवारी

चि. दर्मयासा यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

फोनवर पाहुणे आल्याची थाप मारून तू मध्येच कटतोस, म्हणून लिहिते. कागदाला तरी थापा ऐकायला लागत नाहीत.

जेपून तुला दिली ती आठ महिन्यांची हुंदडणारी कुत्री होती, दाराशी मांडायची कुंडी नव्हे. तू तिला तीन आठवडे साखळीला बांधलीस, आणि मग एका रविवारी समुद्रावर नेऊन वीस परक्या कुत्र्यांत सोडलीस. का, तर म्हणे ओळखी व्हाव्यात! तुला कुणी असं ढकललं असतं तर तूही चावला असतास. त्यानंतर ती पिसाटली आणि शेजारच्या रेंतीच्या डोक्यावरचं नैवेद्याचं ताट तिने उडवलं. आता म्हणे न्येपीच्या, मौनाच्या दिवसानंतरच्या बैठकीत बंजारची, तुमच्या वस्तीच्या पंचायतीची मंडळी तिला गल्लीबाहेर काढणार. खरं तर तुला काढायला हवं.

आता तरी ऐक. सकाळ-संध्याकाळ लांब दोरीवर फिरव. रस्त्याला आधी तळहात लावून बघ, तुला चटका बसला तर तिलाही बसतो. एकच शांत, वयस्क कुत्रं दुरून दाखव, रोज चार पावलं जवळ ने, आणि गप्प राहिली की उकडलेल्या रताळ्याचा तुकडा दे. इकडे परत धाडू नकोस. माझ्या दोन म्हाताऱ्या कुत्र्या तिला आता अंगणात टिकू देणार नाहीत. तू हाकललीस तर ती बाजारात उकिरडे हुंगत मरेल.

घरच्यांना आशीर्वाद. लोभ माझा आहेच, अक्कल तेवढी तू आण.

तुझी ताई,
सुकेर्ती

सानुर,
४ मार्च

ती. सुकेर्तीताईस सा. न. वि. वि.

तीस वर्षं हॉटेलात देशोदेशीच्या लोकांना अदब दाखवली, आणि आता संत्री तोडणारी ताई मला वळण शिकवणार! बरं, शिकवलंस. फिरवतो. पण इथे स्कूटरी अंगावरून जातात आणि तुझं ते डोंगरी कार्टं प्रत्येकीमागे झेपावतं. शांत कुत्रं सबंध गल्लीत एकच, लानुसचं काळं. लानुस म्हणजे त्याच रेंतीचा नवरा, बंजारचा पहारेकरी, मिशीला पीळ देत हिंडणारा गावगुंड. त्याच्यापुढे मी हात पसरणार नाही.

मी तोड काढली आहे. न्येपीला सगळं बेट चिडीचूप, एक चाक फिरत नाही. याहून चांगला दिवस कोणता? उंबऱ्याबाहेर पडू नये हे मलाही कळतं, पण तो नियम माणसांचा. कुत्री त्या दिवशी खुशाल हिंडतात. मी आपला दोरीच्या दुसऱ्या टोकाला.

अक्कल काही तुमच्या डोंगरावरच पिकत नाही. राग नसावा.

तुझा,
दर्मयासा

सानुर,
१२ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

हस, पोटभर हस. वळणावर लानुसनेच पकडलं.

पण ऐक. रस्ता मोकळा, जेपून दोरी सैल ठेवून चालली होती. तेवढ्यात त्याचं काळं समोरून आलं. दोघांनी एकमेकांना हुंगलं, शेपट्या हलल्या, आणि दोघं सावलीत शेजारी बसली. लानुस हे बघत पाव तास उभा होता. मला ताबडतोब घरात घालायचं त्याचं काम, तेच तो विसरला. मग भानावर येऊन खेकसला. आता बैठकीत माझ्यावर न्येपी मोडल्याचा आरोप आहे. जेपूनचं तर बोलायलाच नको.

दर्मयासा

किंतामणी,
१५ मार्च

चि. दर्मयासा, आशीर्वाद.

दोरीच्या दुसऱ्या टोकाला म्हणे! जेपूनला तरी वळण लागलं, तुला जन्मात लागायचं नाही.

आता बैठकीत एवढं तरी कर. पाव तास तो बघत उभा होता हे सगळ्यांसमोर सांग. कुत्री वाचवायला दुसरा साक्षीदार नाही. तो मिशाळ भित्रा आपण होऊन बोलणार नाही, लिहून ठेव. निदान तू तरी शेपूट घालू नकोस.

सुकेर्ती

सानुर,
२३ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

जेपून राहिली. आधी तेवढं सांगतो.

प्रमुखांनी विचारलं, ही कुत्री कधी शहाण्यासारखी वागताना कुणी पाहिली आहे का. मी खाली मान घालून बसलो. लानुसचं नाव घेतलं असतं तर सगळे उलटले असते, आणि उद्या मी मेलो तर चितेपर्यंत न्यायला हीच माणसं. इतका हिशेब मी केला, ताई. ती माझ्या पायाशी झोपली असताना केला.

मग लानुस उठला. पहारेकऱ्याची खूण असलेला चौकड्यांचा शेला कमरेवरून उतरवून त्याने प्रमुखांपुढे ठेवला. म्हणाला, मी पाहिली आहे, आणि पाहत उभा राहिलो म्हणून माझं काम चुकलं. त्याचं पद गेलं. मला देवळाचं अंगण महिनाभर झाडायला लावलं आहे.

आता रोज सकाळी तो काळ्याला घेऊन फाटकाशी येतो. आम्ही चौघं चालतो. त्याने एकदाही विषय काढला नाही. मी त्याला गावगुंड म्हटलं होतं, तू भित्रा म्हटलं होतंस. दुसरा शब्द कुणाला लावायचा ते मला आता कळलं आहे.

लोभ थोडा कमी केलास तरी माझी तक्रार नाही.

तुझा,
दर्मयासा