मागच्या दाराचा आवाज

३ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद, त्यातले निम्मे दमलेले.

पत्र लिहितोय, कारण फोन हातात घेतला की अप्पा शेजारी येऊन बसतात आणि विचारतात, गाडी कुणाला विकली. रोज चहाबरोबर हाच प्रश्न. डोळे गेले तेव्हा आपला बाप एवढा अवघड नव्हता. आता आठवणीही एकेक करून चालल्यात, पण माझ्यावरचा संशय तेवढा जागच्या जागी आहे. गाडी मागच्या शेडमध्येच आहे हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं. पण अकरा वर्षं ताडपत्रीखाली पडलेला गंज त्यांच्या हाताला लावून उपयोग काय? आयुष्यभर लोकांच्या गाड्यांचे पत्रे ठोकले, रंगवले. एकदा बापाची करायची ठरवलंय. होती तशी करून त्यांना तिच्यात बसवायचं, म्हणजे माझ्यावरचा हा डाग तरी जाईल.

ही अमेरिकन बया म्हणजे चाकं लावलेला दिवाणखाना आहे. एका बाजूचा पत्रा घासून होईपर्यंत दुसरी बाजू पुन्हा गंजते की काय असं वाटतं. मूळ रंग कुठेच धड उरला नव्हता. शेवटी समोरच्या कप्प्याच्या झाकणाआड बोटभर सापडला : खाली फिका हिरवा, वर सायीसारखा पांढरा. तुझी वहिनी म्हणते, ज्यांच्यासाठी चाललंय त्यांना दिसत नाही, मग रंगाचा एवढा घोळ कशाला? बरोबर आहे तिचं. पण मला दिसतं ना.

आणि हो, अप्पांच्या सीटमागच्या दाराचं आतलं पॅनेल उघडलं, तर तळाशी सात गोट्या! माझ्याच. काचेच्या फटीतून टाकल्यास ना? तेव्हा तर गळ्याची शपथ घेऊन नाही म्हणालीस. चोरीचा माल सोबत पाठवतोय. भाच्याला दे, आणि आईचे पराक्रमही सांग.

माया आहे तेवढी राहू दे, पत्रं मात्र वाढव.
तुझा दादा

१४ फेब्रुवारी

ती. दादास,
साष्टांग नमस्कार, कंबर धरलीये, म्हणून अर्ध्यातूनच.

गोट्या पोचल्या. गुन्हा कबूल. तू मला खेळायला घेत नव्हतास, म्हणून टाकल्या. तुझ्या भाच्याने त्या एकदा पाहिल्या आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घातलं. आता माझ्याच स्वयंपाकघरात एका वाटीत आहेत.

तू फोनवर नेहमी विचारायचास, मी येत का नाही. मी दर वेळी सासूबाईंच्या आजारपणाचं सांगते. ते खोटं नाही. त्यांना कूस बदलून द्यायलाही मीच लागते. पण पुरतं खरंही नाही. मागच्या वेळी अप्पांनी मला विचारलं होतं, की मी कोण आणि कुणाकडे आले. आदराने विचारलं, दादा. ज्यांनी जन्मभर मला ठके म्हणून हाक मारली, त्यांनी मला अहो-जाहो केलं. पुन्हा तेच झालं तर मला सोसवणार नाही. चिडलास तरी चालेल, पण मला घाबरू दे थोडे दिवस.

वहिनीला नमस्कार. तुझ्या रागालाही.
तुझी ठकू

११ एप्रिल

चि. ठकूस,
आशीर्वाद. आज जास्त लिहवत नाही.

गाडी झाली. अशी झाली की दोन गल्ल्यांतली माणसं बघून गेली. बंपरमध्ये तोंड बघून दाढी करावी. टायरांना पांढरे पट्टे, मागच्या पंखांसारख्या टोकांवर नवे लाल दिवे. दारांना नवं रबर, आत आवाज दाबायला जाड नमदा. एक खडखड म्हणून ठेवली नाही. दार लावलं तर नुसतं हलकंसं ठप होतं. तीस वर्षांत एवढं स्वच्छ काम माझ्या हातून झालं नव्हतं.

रविवारी अप्पांना आणलं. त्यांनी बॉनेटपासून डिकीपर्यंत हात फिरवला. मग त्यांच्या सीटमागचं दार उघडलं, लावलं. कान दिला. पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. असं चार वेळा. मग म्हणाले, गाडी छान आहे, पण ही माझी नाही. माझी तू विकलीस. एवढं बोलून काठी टेकत घरात गेले.

मी शेडमध्येच बसलो, ठकू. राग आला असता तर बरं झालं असतं. मी फार दमलोय. आता ताडपत्री परत घालतो.

आठवण ठेव.
दादा

१८ एप्रिल

ती. दादास,
नमस्कार, घाईघाईत.

ताडपत्री घातली असशील तर आधी काढ. मग सोबतची पुडी उघड.

अरे शहाण्या, मी मागे चढले की अप्पा स्वतः खाली उतरून माझं दार लावायचे. लावलं की आत गोट्या घरंगळायच्या. आई त्या खडखडीवरून कटकट करायची, तेव्हा अप्पांनी सांगितलं होतं की राहू दे, तो आवाज आला की पोरगी आत बसली हे मला कळतं. ते दाराला कान लावून काय शोधत होते, कळलं का? तू काम फार चांगलं केलंस, तिथंच चुकलं.

सातही गोट्या आहेत. जिथे होत्या तिथे टाक.

लोभ असो, आणि लगेच कळव.
ठकू

२६ एप्रिल

चि. ठकूस,
पोटभर आशीर्वाद.

पॅनेल पुन्हा उघडलं, नमदा फाडून काढला, गोट्या टाकल्या. स्वतःचं काम स्वतःच्या हाताने बिघडवताना इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

अप्पांनी दार लावलं. गोट्या घरंगळल्या. ते तसेच उभे राहिले, दारावर हात ठेवून. मग चाचपत पुढे गेले, स्टिअरिंगमागे बसले आणि मागे मान वळवून मला विचारलं, ठकी आज गप्प का, एरवी गाडीत तिचं तोंड बंद नसतं, रुसली का? ठकी म्हणाले, बरं का. मला खोटं बोलवेना. मी म्हणालो, ती अजून आलेली नाही. तर म्हणाले, मग तिला हाक मार, तिच्याशिवाय मी निघत नाही.

तेव्हापासून विकल्याचा विषय नाही. रोज चहा झाला की शेडमध्ये जातात, दार लावून बघतात आणि स्टिअरिंग धरून बसतात. जेवायलाही लवकर उठत नाहीत. तुझ्या सासूबाईंकडे आठ दिवस तुझी वहिनी येऊन राहील, ती बॅग भरून तयार आहे.

मी हाक मारतोय, ठके. ये.

तुझा दादा