रेशमी झग्यासमोर

३ फेब्रुवारी
नाही म्हणजे नाही! ताईला दहादा सांगितलं — नवरा गेला, लेक सासरी गेली, आता मी आणि माझं शिलाईमशीन, झकास चाललंय. तर म्हणे, "नुसतं भेटायला काय जातं तुझं? घड्याळं दुरुस्त करतो. सालस आहे. एकटाच असतो."

रविवारी राष्ट्रीय संग्रहालयात भेटायचं. आशियाई दालनात, चिनी राजाच्या रेशमी झग्यासमोर. जागा त्यानेच सुचवली — मी शिवणकाम करते म्हणून. आगाऊ!

५ फेब्रुवारी
गिऱ्हाइकाच्या कुडत्याला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. उसवत बसले.

८ फेब्रुवारी
गेले. बुद्ध, घंटा, मुंडकी नसलेल्या मूर्ती — एक धड पाहिलं असेल तर शपथ! झग्याच्या खोलीत उजेड मुद्दाम मंद ठेवलेला, रेशमाचा रंग उडू नये म्हणून. काचेच्या कपाटासमोर तो, माझ्याकडे पाठ करून. कोट जुना, पण इस्त्रीचा. उजवा खांदा उतरता, शिवताना सांभाळून घ्यावा लागेल असा. मागे कॉलर दुमडलेली. ती सरळ करावीशी वाटली. इतक्या वर्षांनी असं काही वाटलं, त्याचीच भीती वाटली. दारातून बघत राहिले, बघत राहिले, आणि पळाले!

ताईला सांगितलं, तो आलाच नाही.

९ फेब्रुवारी
ताईने त्याच्या बहिणीला — हे स्थळ तिनेच सुचवलेलं — फोनवर फैलावर घेतलं. "माझ्या बहिणीला ताटकळत ठेवतो म्हणजे काय!" मी शेजारीच काजं करत होते, मान खाली घालून. खरं सांगायला तोंड उघडलं — आणि चहा टाकायला उठले. शी! माझीच मला लाज वाटते.

११ फेब्रुवारी
दोरा सारखा तुटतोय. मशीनला काही झालेलं नाही.

१२ फेब्रुवारी
ताई तणतणत आली. "कबूल केलंन त्याने! म्हणाला, चूक माझी, मलाच यायला जमलं नाही."

त्याने माझं खोटं स्वतःच्या अंगावर घेतलं!

"वर तुला निरोप — त्या कपाटाच्या काचेत मागचं दार स्वच्छ दिसतं म्हणे. आणि या रविवारीही पाठ करूनच उभा राहीन, सावकाश बघू दे. काय गं हे? डोकंबिकं फिरलंय का याचं?"

१५ फेब्रुवारी
कॉलर आजही दुमडलेलीच होती. आधी ती सरळ केली. मग दोघांनी झगा पाहिला.